माडांखालच्या जागेबद्दल

मातुरा, त्रिनिदाद
२० मे

ती. दादा आणि सौ. वहिनी यांस,
सा. न. वि. वि.

परवा फोनवर तू विचारलंस, "रिसॉर्टवाला चांगला भाव देतोय, माडांखालची जागा देऊन टाकू का?" मी गप्प बसलो. माझी उभी नोकरी किनाऱ्यावरच्या गावांत, गावकऱ्यांच्या घरीच पाहुण्यांची सोय उभी करण्यात गेली; त्याच्याच मुळाशी हा प्रश्न आहे. फोनवर नीट सांगता आलं नसतं, म्हणून पत्र.

काल रात्री पुन्हा किनाऱ्यावर होतो. अकराच्या सुमाराला लाटांतून लेदरबॅक कासवाची मादी अंडी घालायला वर आली. आपल्याकडच्या ऑलिव्ह रिडलेच्या कितीतरी पट मोठी, माणसाएवढी लांब. पाठीला टणक कवच नाही, काळी चामडी आणि तिच्यावर सात उभे कणे. तांबड्या बॅटरीच्या उजेडात ती मागच्या वल्ह्यांसारख्या पायांनी खड्डा करत होती. एक वल्हं आत जाई, ओंजळभर वाळू अलगद बाहेर ठेवी, मग दुसरं. अंडी पडायला लागली की ती सहसा बिचकत नाही. तेवढ्यात मोजमाप घ्यायचं, वल्ह्यातला ओळखीचा धातूचा बिल्ला बघायचा. हे करणारा वाटाड्या साठीचा आहे. त्याचे वडील याच वाळूत कासवं मारून मांस विकायचे आणि हा लहानपणी कंदील धरायचा.

१९९० साली सरकारने हा किनारा मार्च ते ऑगस्ट परवान्याशिवाय बंद केला. गाव चिडलं. आपल्याच समुद्रावर जायला परवाना कसला? मग वनखात्याने गावातल्याच माणसांना वाटाडे म्हणून तयार केलं आणि त्यातून 'नेचर सीकर्स' ही गावची संस्था उभी राहिली. आधी रात्रीची गस्त फुकटच होती. पुढे पाहुणे येऊ लागले, पैसे गावात राहू लागले. किनाऱ्यावरची कत्तल थांबली ती अशी. मी आलो तेव्हा हे सगळं उभं होतं. माझं काम त्याला घरांची जोड द्यायचं, म्हणजे पाहुण्यांना गावातल्या घरांत उतरवायचं.

वहिनी, पहिल्या घरची बाई पाहुण्यांसाठी डब्यातलं सूप आणून बसली होती. मी विचारलं, तुमच्या घरात आज काय शिजलंय? तिने लाजत झाकण काढलं. कललू! अळूची पानं, भेंडी, नारळाचं दूध. आपल्या फदफद्याची सख्खी बहीण. तेच वाढायला लावलं. आता लोक तेवढ्यासाठी तिच्याकडे परत येतात आणि तिच्या स्वयंपाकघरावरचं नवं छप्पर त्याच पैशातून झालं.

त्याआधी जमैकात होतो. उत्तर किनाऱ्याला भिंतींआडची हॉटेलं. पाहुणा मनगटाला पट्टा बांधून आत जातो, खाणंपिणं सगळं आतच. गावची बाई आत शिरते ती चादरी बदलायला. मला ते बघवायचं नाही. दक्षिणेला ट्रेझर बीचच्या कोळीवस्तीत मात्र गावकऱ्यांनीच छोटी अतिथीगृहं काढली. १९९८ साली तिथे 'ब्रेड्स' नावाची संस्था निघाली. त्यांच्या बोलीत ब्रेड्स म्हणजे भाऊबंद. मला हे काम कळलं ते तिथे.

सगळं सुरळीत आहे असं नाही. इथे समुद्रातल्या जाळ्यांत कासवं अजून अडकून मरतात आणि जाळं फाटलं की कोळ्याचाही हंगाम बुडतो. त्याला दोष देऊन भागत नाही, त्याला पोट आहे. पावसाळ्यात खोल्या रिकाम्या राहतात तेही खरं.

तरी, दादा, जागा विकू नकोस. आपल्या कोकणातल्याच वेळासला एकदा जाऊन ये. कासवांच्या दिवसांत पाहुणे घरोघरी उतरतात, घरचं जेवतात, पैसे त्याच घरात राहतात. आपल्या माजघराला लागून दोन खोल्या निघतील. वहिनींचं सांदण आणि सोलकढी खाऊन कोण उपाशी परत जाईल? रिसॉर्ट झालं तर त्याच माडांखाली उभं राहायला तुला पहारेकऱ्याला विचारावं लागेल. हे मी इकडच्या बेटांवर डोळ्यांनी पाहिलंय.

नोव्हेंबरात मी कायमचा येतोय. तोवर कागदावर सही करू नकोस. आणि पाऊस लागायच्या आत मागच्या पडवीची कौलं चाळून घे, पहिल्या खोलीची सुरुवात तिथूनच करू.

तुझा,
धाकटा