सांडपाण्याचा हिशेब हद्दीवर मांडा

संपादक महोदय,

नदीकाठच्या प्रत्येक शहराने आपापले सांडपाणी प्रक्रिया केंद्र नीट चालवले की नदी आपोआप स्वच्छ राहील, हा समज अजून पक्का आहे. तो आकडेमोडीत टिकत नाही. समजा, उन्हाळ्यात नदीतून सेकंदाला ३०० लिटर पाणी वाहते आहे आणि त्याची बीओडी, म्हणजे पाण्यातली घाण कुजवताना जिवाणूंना लागणारा प्राणवायू, लिटरला २ मिलिग्रॅम आहे. लागोपाठची तीन शहरे सेकंदाला १००-१०० लिटर प्रक्रिया केलेले पाणी सोडतात, बीओडी २०. पहिल्या शहराखाली नदीची बीओडी ६.५ होते, दुसऱ्याखाली ९.२, तिसऱ्याखाली ११. मधल्या अंतरात होणारी घट यात धरलेली नाही, पण ३० अंशांच्या पाण्यात प्राणवायू मुळात मावतो तो लिटरला साडेसात मिलिग्रॅमच. प्रवाह १००० लिटरचा असेल तर हाच आकडा सहाच्या आसपास थांबतो. म्हणून वार्षिक सरासरी प्रवाहावर बेतलेला आराखडा नेमका गरजेच्या दिवसांत फसतो. हिशेब दहा वर्षांतून एकदा येणाऱ्या, सलग सात दिवसांच्या किमान प्रवाहावरच मांडायला हवा, आणि तो एकट्या शहराला मांडता येत नाही.

बीओडीच्या अहवालात अमोनिया बहुधा झाकलेला राहतो. एक मिलिग्रॅम अमोनिया-नायट्रोजनचे नायट्रेट होताना सुमारे साडेचार मिलिग्रॅम प्राणवायू खर्च होतो. बीओडी २० दाखवणाऱ्या पाण्यात २५ मिलिग्रॅम अमोनिया-नायट्रोजन असेल, तर शंभराहून अधिक मिलिग्रॅमची मागणी खालच्या गावाकडे वाहत जाते. शिवाय नदीतला प्राणवायू सर्वांत कमी होतो तो सांडपाणी सोडणाऱ्या नळाच्या तोंडाशी नव्हे, तर काही किलोमीटर खाली. अमेरिकेतल्या ओहायो नदीच्या अभ्यासातून स्ट्रीटर आणि फेल्प्स या अभ्यासकांनी १९२५ मध्ये हे गणिताने मांडले. तरीही नमुना नळाजवळच घेतला जातो, आणि मासे मरतात शेजाऱ्याच्या हद्दीत.

अनेक शहरांचे मिळून एकच सामाईक प्रक्रिया केंद्र हा उपाय पुष्कळदा योग्य असतो, पण लांबून मैलापाणी पंपाने ढकलताना एक गोष्ट हमखास विसरली जाते. दाबाच्या वाहिनीत पाणी बरेच तास पडून राहिले की प्राणवायू संपतो आणि हायड्रोजन सल्फाइड तयार होतो. वाहिनी ज्या चेंबरमध्ये मोकळी होते तिथे हा वायू सुटतो, काँक्रीटच्या ओल्या छतावर जिवाणू त्याचे सल्फ्युरिक आम्ल करतात, सिमेंट भुसभुशीत होते, सळ्या उघड्या पडतात. पाणी पाठवणारे एक शहर, छत कोसळते दुसऱ्याचे! म्हणून हद्दीवर सल्फाइडची मर्यादा आणि दुरुस्तीचा खर्च कोणाचा, हे आधीच ठरलेले असावे.

खर्चाची वाटणी लोकसंख्येवर करू नये. ती आलेल्या पाण्यावर आणि त्यातल्या प्रदूषणाच्या भारावर करावी, म्हणजे हद्दीवर पार्शल फ्लूम (मधे अरुंद गळा असलेली, पाण्याच्या पातळीवरून प्रवाह मोजणारी नाली), पातळीमापक आणि प्रवाहाच्या प्रमाणात २४ तास नमुना गोळा करणारे यंत्र हवे. नमुना ४ अंशांवर ठेवायचा. सकाळी दहाची एकच बाटली काही सांगत नाही. फ्लूमच्या गळ्यात गाळ साचला किंवा पुढची वाहिनी तुंबून पाणी मागे फुगले, तर पातळी वाढते आणि मीटर प्रत्यक्षापेक्षा जास्त प्रवाह दाखवतो. भांडणे इथूनच सुरू होतात, म्हणून तपासणी दोन्ही शहरांच्या अभियंत्यांसमोर व्हावी. पहाटे दोन ते चारचा प्रवाह वेगळा नोंदवा. गाव झोपलेले असताना तो दिवसाच्या सरासरीच्या निम्म्यावर असेल आणि रात्रपाळीचे कारखाने नसतील, तर फुटक्या सांध्यांतून भूजल शिरते आहे. ते पंप करण्याचा आणि शुद्ध करण्याचा भुर्दंड शेजाऱ्याने का सोसावा?

हे अशक्य नाही. जर्मनीत एमशर नदीकाठची शहरे, खाणी आणि कारखाने यांनी १८९९ मध्ये एकच संस्था स्थापली आणि खर्च सभासदांत वाटून घेतला. अनेक दशके नदी उघडे गटारच होती, कारण खाणींमुळे जमीन खचत असल्याने भूमिगत वाहिन्या टाकता येत नव्हत्या. खाणी हटल्यावर त्याच संस्थेने ५१ किलोमीटरची मुख्य वाहिनी बांधली, आणि २०२१ च्या अखेरीस नदीत मैलापाणी जाणे थांबले.

शहरांमधल्या करारात आणखी एक कलम घालावे. पंप बंद पडून कच्चे मैलापाणी नदीत गेले, तर सेकंदाला अर्धा मीटर वेगाने ते २० किलोमीटर खालच्या जॅकवेलपाशी (पिण्यासाठी नदीचे पाणी उपसण्याच्या विहिरीपाशी) ११ तासांत पोहोचते. तेवढ्या वेळात टाक्या भरून उपसा थांबवता येतो, फक्त निरोप वेळेवर पोहोचायला हवा. तो कोणी, कोणाला, किती मिनिटांत द्यायचा आणि रात्री कोणता फोन उचलला जाईल, हे नावपदासह लिहून ठेवा.

– सांडपाणी प्रक्रिया क्षेत्रात काम करणारे काही अभियंते