हॅचमध्ये कोण आहे, हे तुम्हाला विचारलं कोणी होतं?

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
ग्राहक सेवा विभाग

विषय : 'लॉस्ट' मालिकेच्या दुसऱ्या सीझनच्या पहिल्या भागातलं रहस्य आपल्या ॲपनेच फोडल्याबाबत

महोदय / महोदया,

मी आपल्या सेवेची वार्षिक वर्गणी भरणारी ग्राहक आहे. व्हिडिओ अडकतो किंवा पैसे दोनदा कापले गेले, अशातली ही तक्रार नाही. चित्र स्वच्छ दिसतं, आवाज नीट येतो. माझं म्हणणं एवढंच आहे की, जी गोष्ट प्रेक्षकाला अगदी शेवटच्या क्षणी कळावी म्हणून लेखक-दिग्दर्शकाने अख्खा भाग बेतला, ती आपल्या ॲपने सुरुवातीच्या काही मिनिटांतच सांगून टाकली. चॅटवर मी हे सविस्तर लिहिलं, तेव्हा आपल्या प्रतिनिधीने मला कॅशे साफ करून ॲप पुन्हा इन्स्टॉल करायला सांगितलं. केलं. आता ॲप तेच रहस्य जास्त वेगाने फोडतं.

"मॅडम, मालिका वीस वर्षांपूर्वीची आहे," असंही ते म्हणाले. आहेच. २२ सप्टेंबर २००४ ला अमेरिकेत एबीसी वाहिनीवर ती सुरू झाली आणि २३ मे २०१० ला संपली. मी ती मागेच पाहिली आहे. पण माझा भाचा, जो शिकायला आमच्याकडे राहतो, तेव्हा जन्मलासुद्धा नव्हता. त्याच्यासाठी ओशॅनिक ८१५ हे विमान परवा पडलं.

प्रकरण आपल्यापुढे नीट यावं म्हणून थोडी पार्श्वभूमी सांगते. सिडनीहून लॉस एंजेलिसला निघालेलं विमान एका बेटावर कोसळतं. मधल्या भागातले ४८ जण वाचतात. जंगलात जमिनीत पुरलेलं एक लोखंडी झाकण सापडतं. हाच तो हॅच. पहिला सीझन जवळजवळ त्या झाकणाभोवतीच संपतो : ते डायनामाइटने उडवलं जातं, वाचलेल्यांपैकी जॅक आणि लॉक वाकून आत बघतात, खाली खोल अंधारा बोगदा, तुटलेली शिडी, आणि संपलं. अमेरिकेत हे २५ मे २००५ ला दाखवलं आणि पुढचा भाग आला २१ सप्टेंबरला. मधला अख्खा उन्हाळा लोक आत काय असेल यावर वाद घालत होते. दुसऱ्या सीझनचा तो पहिला भाग सुमारे २ कोटी ३० लाख लोकांनी पाहिला, तो काही उगाच नाही.

आम्हीही घरी तशी सुट्टी घ्यायची ठरवली होती. भाच्याला आत काय असेल याच्या तर्कांनी वही भरायची होती. आपल्या ॲपने सुट्टी दिली पाच सेकंदांची. बोगद्याचं दृश्य संपतं न संपतं तोच कोपऱ्यात 'पुढील भाग ५ सेकंदांत' असं आलं आणि शेजारी एक छोटं चित्र : उजेड असलेली खोली, त्यात बंदूक घेतलेला माणूस. म्हणजे आत माणूस राहतो, हे कळलंच. ही आपोआप पुढे जाण्याची सोय मी सेटिंगमध्ये बंद केलेली होती. अपडेटनंतर ती पुन्हा चालू झाली, तीही मला न विचारता.

तरी आम्ही मागे हटलो नाही. दुसऱ्या दिवशी भाग लावला. सुरुवातीला 'मागील भागांत' सुरू झालं, भाच्याने 'वगळा' दाबलं, आणि आपल्या ॲपने आम्हाला थेट शीर्षकाच्या पलीकडे नेऊन सोडलं. मी मालिका पाहिलेली असल्यामुळे ओरडले, "अरे, मागे घे!" कारण उजळणी संपते आणि शीर्षक येतं, या दोहोंच्या मधेच या भागाचा जीव आहे. ज्याच्या घरी मागे घ्यायला सांगणारं कोणी नाही, त्याला आपलं काय गेलं ते कधी कळणारही नाही.

ते दृश्य असं आहे. बीप वाजतो, एक माणूस बिछान्यातून उठतो. जुनाट कॉम्प्युटरवर काहीतरी टाइप करतो. रेकॉर्ड प्लेअरवर मामा कॅस या गायिकेचं १९६९ चं गाणं लावतो. व्यायाम करतो, भांडी घासतो, मिक्सरमध्ये काहीतरी घुसळून पितो, दंडात इंजेक्शन घेतो. चेहरा धड दिसू देत नाहीत. भाच्याने लगेच निकाल दिला : हा फ्लॅशबॅक आहे, काळ सत्तरच्या आसपासचा. त्याचं चुकलं असं मी म्हणणार नाही, कारण पहिला सीझनभर प्रत्येक भागात कुणाचा ना कुणाचा भूतकाळ दाखवून या मालिकेने प्रेक्षकाला तीच सवय लावलेली आहे. मग भूतकाळ कुणाचा? "मावशी, हा जॅकचा बाप आहे." युक्तिवाद ऐकण्यासारखा होता. बापाचं शव जॅक त्याच विमानातून घरी नेत होता, बेटावर शवपेटी सापडली तर ती रिकामी, आणि सुटातला बाप जॅकला जंगलात फिरताना दिसलेला. मेलेल्या माणसाला उभं ठेवायचं तर रोज इंजेक्शन लागणारच, असं त्याचं म्हणणं. मी हसले नाही. २००५ साली मोठमोठ्या माणसांनी याहून अचाट तर्क लढवले होते.

एवढ्यात मोठा धमाका होतो, धूळ पडते, रेकॉर्डची सुई अडखळते. माणूस बंदूक उचलतो, आरशांच्या रचनेतून बोगद्यात वर बघतो, आणि वर दिसतात वाकून बघणारे जॅक आणि लॉक! म्हणजे हा भूतकाळ नाहीच, हे आत्ता चाललं आहे. काही मिनिटं जे मानलं ते एका क्षणात उलटं होतं. टीव्हीवर एवढ्या सफाईने केलेली फसवणूक मी फार कमी पाहिली आहे.

आणि नेमक्या इथे भाच्याने पॉझ दाबला. त्याला आरशातला चेहरा बघायचा होता. पॉझ दाबल्याबरोबर आपल्या ॲपने पडद्याच्या डाव्या बाजूला पाटी झळकवली : या दृश्यातील कलाकार, हेन्री इयान क्युसिक, भूमिका डेझमंड. सोबत हसरा फोटो.

यात काय बिघडलं, असं आपल्याला वाटेल, म्हणून पुढचं सांगते. याच भागात जॅकचा भूतकाळ येतो. एका रात्री तो स्टेडियमच्या पायऱ्या चढत-उतरत पळतोय, पाय मुरगळतो, एक अनोळखी माणूस मदतीला येतो. जगाची शर्यत करायची म्हणून सराव करतोय म्हणतो, नाव सांगतो डेझमंड, पुढच्या जन्मात भेटू अशा अर्थाचं काहीतरी बोलून निघून जातो. पहिल्यांदा बघणाऱ्याला हा वाटेत भेटलेला कोणीतरी वाटायला हवा. मग शेवटी जॅक हॅचमध्ये उतरतो, लॉकच्या डोक्याला बंदूक लावलेली, बंदूकवाला उजेडात येतो आणि जॅक थिजतो : "तू?" भाग तिथेच तुटतो. स्टेडियममधली ती साधी भेट त्या क्षणी डोक्यात फुटते. माझा भाचा मात्र स्टेडियमच्या दृश्यातच म्हणाला, "हाच तो खालचा." आणि फोनकडे वळला. आपल्या पाटीने एक नाव सांगितलं नाही, अख्ख्या भागाची उभारणी पाडली.

नशीब, या भागात इतर गोष्टी इतक्या पेरलेल्या आहेत की वही अगदीच कोरी राहिली नाही. झाकणाच्या आतल्या बाजूला 'क्वारंटाइन' लिहिलेलं. भाच्याचा प्रश्न, आत का लिहिलं? बाहेरच्यांना सावध करायचं तर बाहेर लिहितात. म्हणजे इशारा आतून बाहेर पडणाऱ्याला आहे, रोग बेटावर आहे. बेटावर १६ वर्षं एकटी राहिलेली रूसो तिच्या साथीदारांच्या आजारपणाबद्दल सांगते ते त्याने याला जोडलं, आणि इंजेक्शनही मग बापाकडून काढून लसीच्या खात्यात टाकलं. हॅचमधल्या एका भिंतीपाशी जॅकच्या गळ्यातली किल्ली आपोआप भिंतीकडे ओढली जाते; त्यावर त्याने भौतिकशास्त्राचं पानभर गणित मांडलं. परीक्षेला तेवढं मांडलं तर बरं होईल. ४, ८, १५, १६, २३, ४२ हे वाचलेल्यांपैकीच हर्लीला लॉटरी लावून देणारे आणि झाकणावर कोरलेले आकडे त्याने बेरजेला घेतले, १०८ आले, आणि खालच्या भिंतीवरच्या चित्रात १०८ दिसल्यावर तो खुर्चीतून उठला. आपल्याकडे १०८ म्हटलं की जपमाळ आठवते, नाहीतर रुग्णवाहिका. दोन्हींची त्या बेटाला गरज आहे, असं माझं मत पडलं. वाचलेल्यांपैकी शॅननला जंगलात त्यांच्यातलाच लहान मुलगा वॉल्ट ओलाचिंब दिसतो आणि उलटं पुटपुटतो, ते भाच्याने रेकॉर्ड करून उलटं वाजवलं. 'बटण दाबू नका' अशासारखं ऐकू येतं. हे सगळं करायला त्याला पॉझ लागतो. रहस्यमालिकेचा चाहता पॉझ दाबून दाबूनच बघतो, आणि आपण नेमकं पॉझवरच उत्तर छापून ठेवता.

प्रेक्षकाला माहिती देणं कायद्याने बंधनकारक आहे, असं उत्तर येण्याची शक्यता धरून आधीच लिहिते. २०२१ च्या डिजिटल माध्यमांच्या नियमांत वयोगटाचं वर्गीकरण आणि आशयाची सूचना द्यावी लागते. हिंसा आहे, भीतीदायक दृश्यं आहेत, जरूर सांगा. हॅचमध्ये कोण राहतं हे सांगण्याची सक्ती त्यात नाही. त्याच नियमांनुसार तक्रारीवर १५ दिवसांत निर्णय द्यायचा असतो, तेवढं मात्र कृपया पाळावं. नाहीतर सेवेतील त्रुटी म्हणून १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करावी लागेल. तिथल्या माणसाला डेझमंड कोण हे समजावत बसण्याची माझी इच्छा नाही.

पैसे परत नकोत. न पाहिलेल्या भागांची चित्रं झाकता यावीत किंवा तिथे साधं शीर्षक दिसावं. पॉझवरची कलाकारांची पाटी बंद करण्याचा पर्याय द्यावा. आपोआप पुढे जाण्याची सोय एकदा बंद केली की अपडेटनंतरही बंदच राहावी. 'वगळा'ची खूण उजळणी संपते तिथे लावावी, शीर्षकानंतर नव्हे. हे शेवटचं काम या मालिकेपुरतं तरी तातडीने करा, कारण नवा सीझन अनोळखी घरात, अनोळखी सकाळी सुरू करायची खोड या मंडळींनी पुढेही सोडलेली नाही. तिसऱ्या सीझनच्या पहिल्या भागात एक बाई ओव्हनमधून करपलेले मफिन काढते, घरी पुस्तकांवर गप्पा मारायला मंडळी जमतात, एखाद्या टुमदार उपनगरातली सकाळ वाटावी असं सगळं, आणि मग घर हादरतं, लोक बाहेर येऊन वर बघतात. ते काय बघतात हे आपल्या यादीतल्या चित्रात आत्ताच दिसतंय. पाचव्या सीझनच्या पहिल्या भागाच्या वर्णनाचीही तीच गत आहे. भाचा अजून दुसऱ्या सीझनच्या मध्यावर आहे, वेळ आहे. तोवर भाग मी लावून देते आणि रिमोट माझ्याकडे ठेवते.

पडद्याची छायाचित्रं सोबत जोडली आहेत. हे पत्र मी ऑफिसच्या पत्त्यावरून पाठवते आहे. आपलं उत्तर नोंदणीकृत इमेलवर येईल, आणि तो भाचाही उघडतो. तेव्हा उत्तरात तिसऱ्या सीझनबद्दल काहीही लिहू नये.

आपली,
एक वर्गणीदार
(ग्राहक क्रमांक सोबतच्या अर्जात दिला आहे)