कपाटाची किल्ली बाईंच्या पर्समध्ये

मा. संपादक,
स. न.

मराठी शाळांबद्दल तुमच्या पानावर जे येतं ते बहुतेक पटाबद्दल असतं. किती शाळा बंद पडल्या, किती तुकड्या उरल्या. २०२५ साली एप्रिलपासून पहिलीला हिंदी हवी की नको याचाच धुरळा होता, २९ जूनला सरकारने निर्णय मागे घेईपर्यंत. वर्गाचं दार लोटल्यावर आत काय चालतं ते क्वचितच वाचायला मिळतं. म्हणून मी लिहितो आहे. मी शिक्षक नाही. बेस्टमध्ये बत्तीस वर्षं कंडक्टर होतो, २०२१ला निवृत्त झालो. नातवाला शाळेत सोडणं आणि आणणं ही सध्याची ड्यूटी.

नातू सात वर्षांचा. आधी त्याला जवळच्याच एका इंग्रजी माध्यमाच्या शाळेत घातलं होतं. मुलाची आणि सुनेची हौस, आणि खोटं कशाला बोलू, माझीही. वह्या बघाल तर दृष्ट लागेल. फळ्यावरचं जसंच्या तसं उतरवलेलं, अक्षर मोत्यासारखं, पानोपानी लाल शाईत 'व्हेरी गुड'. पहिली संपता संपता एका संध्याकाळी मी त्याच्याच वहीतल्या एका ओळीवर बोट ठेवलं आणि म्हटलं, वाच. तो माझ्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "आजोबा, हे आम्ही लिहितो. वाचत नाही."

जूनमध्ये त्याला चालत जाण्याच्या अंतरावरच्या अनुदानित मराठी शाळेत दुसरीत घातलं. सून दोन दिवस आमच्याशी बोलली नाही. चाळीतल्या बाकीच्या पोरांच्या टायकडे बघून तिला भरून यायचं.

पहिल्या आठवड्यात बाईंनी त्याला मधल्या सुट्टीत शेजारी बसवून चार चिठ्ठ्या दिल्या. एकीवर सुटी अक्षरं, दुसरीवर शब्द, तिसरीवर चार ओळी, चौथीवर छोटी गोष्ट. तो पहिल्याच चिठ्ठीवर अडला. बाईंनी कपाळाला आठी घातली नाही. शंभर पानी वहीत त्याच्या नावाचं पान काढलं, तारीख टाकली आणि काहीतरी लिहिलं. दुसऱ्या दिवसापासून रोज एक तास त्याला पहिलीच्या मुलांबरोबर वाचायला बसवलं. मला ते खटकलं. पोराला कमीपणा नाही का वाटणार, असं मी विचारायला गेलो, तर त्या म्हणाल्या, "आजोबा, त्या तासाला इयत्ता नसतेच. तिसरीची दोघं आहेत त्यात, आणि पहिलीतली एक मुलगी गोष्टीच्या गटात बसते." नंतर कळलं की मुलांना इयत्तेने न बसवता वाचता येतं तितक्यावरून बसवायचं, ही पद्धत 'प्रथम' या संस्थेने देशभर नेली, आणि ती संस्था १९९०च्या दशकात आपल्या मुंबईच्याच वस्त्यांमधून उभी राहिली. मुंबईत जन्म काढून मला हे बासष्टाव्या वर्षी कळलं.

आमच्या वेळी 'क' कमळाचा म्हणत अख्खी बाराखडी पाठ झाल्याशिवाय शब्द नव्हता. बाईंनी आधी चारच अक्षरं घेतली: म, ग, र, घ. तेवढ्यात घर, गरम, मगर तयार. चौथ्या दिवशी नातू घरी येऊन खडूने जिन्यावर 'मगर' लिहून खालून वर येणाऱ्या प्रत्येकाला वाचून दाखवत होता. मग काना आला, मग काय विचारता, मामा, गार, राग. वाघ नाही येत अजून म्हणून रुसवा, कारण व शिकवला नव्हता.

आमच्या घरात मालवणी चालते. बायको कुडाळकडची. नातू वर्गात उठून "बाई, माझी पाटी खय?" म्हणाला, तेव्हा पोरं हसली. बाईंनी फळ्यावर 'कुठे' लिहिलं, शेजारी 'खय' लिहिलं आणि वर्गाला विचारलं, तुमच्या घरी काय म्हणतात? एका मुलाने 'कुटं' सांगितलं, उत्तरेकडच्या एका मुलीने 'कहाँ'. चारही शब्द आठवडाभर फळ्याच्या कोपऱ्यात होते. माझ्या बायकोला ही हकीकत इतकी आवडली की तिने बाईंसाठी सोलकढीची बाटली पाठवली.

आता आकड्यांचं. नातू त्रेसष्ट लिहायला सांगितलं की ३६ लिहायचा. मी चिडायचो. बाई म्हणाल्या, "त्याचा कान बरोबर ऐकतो आहे. आपण तोंडाने आधी तीन म्हणतो आणि हाताने आधी सहा लिहायला सांगतो." तुम्हाला आठवत असेल, २०१९ला बालभारतीने दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'एकवीस'च्या जोडीला 'वीस एक' छापलं तेव्हा केवढा गदारोळ झाला होता. विधानसभेत विनोद झाले. डेपोच्या कँटीनमध्ये मीही चहाचा ग्लास आपटून हसलो होतो. गणित विषयाच्या समितीवर मंगला नारळीकर होत्या, त्यांनी शांतपणे समजावून सांगितलं होतं की मुलांची अडचण कुठे होते. कोण ऐकतो. खरं तर मला तेव्हाच उमजायला हवं होतं. माझ्याबरोबर अनेक वर्षं एक कानडी ड्रायव्हर होते. ते एकवीसला 'इप्पत्तोंदु' म्हणत. आधी वीस, मग एक. त्यांच्या तोंडून मी हे हजारदा ऐकलं असेल.

बाई दोन्ही म्हणून घेतात. दहा-दहा काड्यांचे गठ्ठे रबर लावून ठेवलेत. साठ आणि तीन, म्हणजे त्रेसष्ट. सहा गठ्ठे, तीन सुट्या.

एका शनिवारी, दप्तराशिवाय यायचं असतं त्या दिवशी, बाईंनी मला बोलावलं. तिकिटाला भोक पाडायचा जुना पंच आणि तिकिटांची रिकामी पेटी मी घरी जपून ठेवली होती, ती घेऊन गेलो. बाकांची बस केली. बेस्टच्या पाटीवर पुढे नंबर मराठी आकड्यांत असतो हे मुंबईकर मुलांना तोंडपाठ असायला हवं, पण अर्धी मुलं त्या आकड्यांकडे नक्षी म्हणून बघत होती! पुठ्ठ्यावर पाट्या रंगवल्या. मग भाडं. पन्नासची नोट, दहाचं तिकीट, किती परत? नातू अचानक म्हणाला, "आजोबा, पाच रुपये तिकीट होतं तेव्हा पन्नासमध्ये दहा माणसं जायची. आता पाचच." किमान भाडं २०१९ला पाचवर आणलं होतं आणि २०२५च्या मेमध्ये दहा केलं, त्याचं गणित या पोराने केलं तितकं सरळ कोणी केलेलं मी ऐकलं नाही. मी पंच वाजवून त्याला फुकट तिकीट दिलं.

बाकीचं थोडक्यात. खिचडी गरम असते, कधी पातळ. नळाला पाणी असतं. ऑगस्टमध्ये बाई एकदा घरी आल्या, कारण नातू दुसऱ्या तासाला पेंगायचा. दहा बाय बाराच्या खोलीत सहा माणसं आणि रात्री साडेअकरापर्यंत टीव्ही, हे त्यांनी उंबऱ्यावरूनच बघितलं. भाषण दिलं नाही. एवढंच विचारलं की गॅलरीत बल्ब लावता येईल का. लावला. आता संध्याकाळी सात ते आठ तिथे चाळीतली चार पोरं बसतात, आणि नातवाची गादी माळ्यावर गेली.

दिवाळीपर्यंत तो तिसऱ्या चिठ्ठीवर आला होता. चार ओळी अडखळत, पण स्वतः.

दिवाळीची सुट्टी संपली आणि बाई वर्गात नव्हत्या. मतदार याद्यांच्या कामाला लावल्याचं पत्र आलं होतं. दुसरीची चौतीस मुलं तिसरीच्या सत्तावीस मुलांत नेऊन बसवली. पहिली ते पाचवीला तीस मुलांमागे एक शिक्षक असं कायदा म्हणतो, इथे एका बाईंपुढे एकसष्ट. त्या तरी काय करणार? फळा भरतात, मुलं उतरवतात. नातवाचं अक्षर पुन्हा मोत्यासारखं होऊ लागलं, तेव्हा माझ्या पोटात गोळा आला.

मुख्याध्यापकांना भेटलो. ते भले गृहस्थ आहेत. म्हणाले, वरून आदेश आहे, मी नाही म्हणू शकत नाही. मी विचारलं, बाईंची ती शंभर पानी वही तरी नव्या बाईंना द्या, त्यात प्रत्येक मुलाचं पान आहे. ते म्हणाले, ती कपाटात आहे आणि कपाटाची किल्ली बाईंकडेच राहिली.

मी मग शोधून वाचलं. शिक्षण हक्क कायद्याच्या २७व्या कलमात शिक्षकांना बिगरशैक्षणिक कामं देऊ नयेत असं म्हटलं आहे, पण जनगणना, आपत्ती आणि निवडणूक यांना सूट आहे. त्यामुळे पत्र काढणारा चुकला असंही म्हणता येत नाही. मात्र सर्वोच्च न्यायालयाने २००७च्या एका निकालात म्हटलं आहे की मतदार यादीच्या कामासाठी शिक्षकांना सुट्टीच्या आणि शिकवणी नसलेल्या दिवशी घ्यावं, शिकवण्याच्या वेळेत सहसा घेऊ नये. हे 'सहसा' आमच्या वाट्याला फार वेळा येतं. आणि जनगणना २०२७ची आहे. म्हणजे हेच पुन्हा.

माझं मागणं मोठं नाही. पहिली आणि दुसरीच्या वर्गशिक्षकांना तरी वर्ष संपेपर्यंत हलवू नका. दहावीच्या शिक्षकाला परीक्षेच्या तोंडावर हात लावायला सगळे घाबरतात, कारण निकाल पेपरात येतो. सात वर्षांच्या मुलाचा निकाल कुठेच छापून येत नाही. फारच अडलं आणि बाईंना न्यायचंच असलं, तर आधी दोन दिवस नव्या शिक्षकाबरोबर बसू द्या आणि ती वही हातात द्या. आमच्या खात्यात साधी पाळी बदलताना पेटी, तिकिटं, पैसे सगळं मोजून सही घेतल्याशिवाय कंडक्टर खाली उतरत नव्हता. चौतीस मुलांची सही कोणी घेत नाही.

आणखी एक सुचवतो, हसू नका. दारोदार फिरण्याच्या कामाला आमच्यासारखे निवृत्त लोक घ्या. शिवडीपासून भायखळ्यापर्यंतची गल्ली न् गल्ली आम्हाला माहीत आहे, चाळीचे जिने चढायची सवय आहे, सुट्या पैशांवरून भांडणाऱ्या माणसाशी गोड बोलायची तर डबल सवय आहे. नियमात बसत नसेल तर नियम बघा.

गेल्या मंगळवारी सकाळी साडेअकराला आमच्या दारावर टकटक झाली. गळ्यात ओळखपत्र, हातात याद्यांचा गठ्ठा, जिना चढून धाप लागलेली. बाईच होत्या. नातू त्या वेळी शाळेत, एकसष्टांत. बायकोने पाणी दिलं. घरात मतदार किती, कोणी स्थलांतरित आहे का, हे विचारून झालं, माझी सही झाली. मग त्यांनी यादी मिटली आणि विचारलं, "जोडाक्षरांवर आला का तो?"

मी म्हटलं, "नाही बाई. पुन्हा उतरवून घेतोय."

त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. पर्स उघडली, किल्ली काढून माझ्या हातात दिली आणि म्हणाल्या, "दुसरा खण. निळं कव्हर आहे. त्या बाईंना द्या आणि सांगा, याचं पान अकरावं."

वरच्या मजल्यावर अजून नऊ खोल्या बाकी होत्या, त्या वर गेल्या. मी चप्पल घातली.

आपला,
एक निवृत्त कंडक्टर, काळाचौकी, मुंबई
(नाव व पत्ता आपल्या कार्यालयाकडे दिला आहे. कृपया छापू नये, बाईंना त्रास व्हायचा.)