निमीस पत्र: उन्हाळ्यातले घरचे उद्योग

प्रिय निमे,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. सुट्टीत घरच्या घरी काय काय करायचं त्याची यादी वाचून हसूच आलं. लिंबाचा फेसपॅक, बेकिंग सोड्याचा स्क्रब, घरगुती सनस्क्रीन... अगं, सगळे प्रयोग चेहऱ्यावरच? कपाट उघड की! कापडावर हवा तेवढा गोंधळ घाल. बिघडलंच तर त्याचं पुसायचं फडकं होतं. चेहऱ्याचं होत नाही.

ती गुडघ्यावर विरलेली जीन्स अजून आहे ना? तिची शॉर्ट्स कर. हव्या त्या लांबीपेक्षा चार बोटं जास्त ठेवून काप आणि घालून खुर्चीवर बसून बघ. उभं राहून बेतलेली लांबी बसल्यावर भलतीच आखूड होते. कड दुमडायचा कंटाळा असेल तर कडेपासून दोन सेंटिमीटर वर मशीनवर एक सरळ टीप मार. मग टिपेखालचे आडवे पांढरे धागे सुईने ओढून काढ. डेनिममध्ये उभे धागे निळे रंगवलेले असतात, म्हणून मागे निळी झालर उरते. पुढे धुण्यात कड कितीही उसवली तरी टिपेपाशी थांबते.

आता टाय-डाय, माझा सगळ्यात लाडका उद्योग. पिवळट पडलेला एखादा पांढरा टी-शर्ट घे, पण आधी आतली पट्टी वाच. शंभर टक्के सुतीच हवा. हे रंग पॉलिएस्टरला धरत नाहीत. रिअ‍ॅक्टिव्ह डाय, म्हणजे सुताला पक्का चिकटणारा रंग, आण आणि सोबत धुण्याचा सोडा, खाण्याचा नव्हे. सोड्यामुळेच रंग सुताशी पक्का जोडला जातो. टी-शर्ट सोड्याच्या पाण्यात भिजवून पिळायचा, मधोमध चिमटीत धरून गोल गोल गुंडाळायचा, रबरबँड लावायचे आणि वरून रंग ओतायचा. हातमोजे घालायचे, नाहीतर नखं आठवडाभर जांभळी! प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून रात्रभर ठेव. कापड ओलं राहिलं पाहिजे, वाळलं की रंग धरायचा थांबतो. सकाळी गार पाण्यात धू, पाणी स्वच्छ येईपर्यंत. पहिल्या दोन-तीन वेळा वेगळाच धू, हे सांगायला नकोच.

रंग गडद निवड, हा माझा आग्रह. साध्या पांढऱ्या पातळ सुती टी-शर्टमधून उन्हातले अतिनील किरण बऱ्यापैकी आत येतात, घामाने भिजला की आणखी. गडद रंगवलेलं तेच कापड जास्त किरण अडवतं. सैल असेल तर उकडतही नाही फारसं. आणि हळदीने रंगवायचा विचार सोडून दे. पहिल्या दिवशी दृष्ट लागेल असा पिवळा येतो, साबण लागला की लालसर होतो आणि उन्हात वाळत घातला की उडतो.

आता तुझी यादी. लिंबू तर चेहऱ्याला लावून उन्हात जाऊच नकोस. त्याच्या रसात, विशेषतः सालीत, अशी द्रव्यं असतात की ऊन लागल्यावर त्वचा भाजल्यासारखी होते, फोड येतात आणि मागे राहिलेले काळे डाग जायला कधी कधी महिने लागतात. बेकिंग सोडा अल्कधर्मी, आपली त्वचा किंचित आम्लधर्मी. घासलास तर कोरडी पडून चुरचुरेल. सनस्क्रीन मात्र विकतचंच घे. घरी झिंक ऑक्साइड (सनस्क्रीनमधली ऊन अडवणारी पांढरी पूड) तेलात कितीही ढवळलं तरी सगळीकडे सारखं पसरत नाही आणि कुठे कमी पडलंय ते डोळ्यांना दिसत नाही. एसपीएफ म्हणजे ट्यूबवरचा ऊन अडवण्याचा आकडा; चांगलं लावलेलं एसपीएफ 30 सुमारे 97 टक्के यूव्हीबी, म्हणजे त्वचा भाजणारे अतिनील किरण अडवतं. बाहेर असशील तर दर दोन तासांनी पुन्हा लाव.

हिरमुसू नकोस, लिप बाम कर ना! एक भाग मधमाशांचं मेण, तीन भाग तेल, गरम पाण्यात ठेवलेल्या वाटीत वितळवायचं. नुसतं खोबरेल घेऊ नकोस; ते 24–25 अंशांनाच पातळ होतं, पर्समध्ये वाहत बसेल. अर्धं बदामाचं घाल आणि उन्हाळ्यात मेण जरा चढतं ठेव. गार चमच्यावर थेंब टाकून बघ, मऊ वाटला तर आणखी मेण. यात पाणी नसतं, म्हणून महिनोन्‌महिने टिकतो. कोरफडीचा गर तसा टिकत नाही. फ्रिजमध्ये ठेवून दोन-चार दिवसांत संपव. पान कापल्यावर पाव तास उभं ठेव, पिवळा चीक निथळून जाऊ दे. त्या चिकानेच खाज सुटते. आणि काहीही लावायच्या आधी कोपराच्या आतल्या बाजूला थोडं लावून एक दिवस वाट बघ.

जुन्या ओढणीचा कफ्तान शिवायचा असेल तर शिवण अगदीच सोपी. अडीच मीटरची ओढणी आडवी दुमडायची, घडीच्या मधोमध गळा कापायचा आणि दोन्ही बाजूंना हातापुरती जागा सोडून खाली सरळ टीप. गळा आधी लहानच काप, डोकं जात नसेल तर वाढवता येतो. कोणती ओढणी घेते आहेस तिचा फोटो आधी पाठव. जॉर्जेट असेल तर कात्री लावू नकोस, ती मशीनखाली सारखी सरकते. मी येईन तेव्हा दोघी मिळून टाचण्या लावून शिवू.

तुझी,
वैजू