काका, त्या पाऊण तासाबद्दल

सप्रेम नमस्कार काका,

तुम्हाला माझं नाव ठाऊक नाही. मे महिन्यातल्या एका शनिवारी जळका वास येणारा गाडीचा अ‍ॅम्प्लिफायर पिशवीत घालून लॅमिंग्टन रोडवर तुमच्या दुरुस्तीच्या टेबलाशी आलो होतो, तो मी. त्याआधी तीन दुकानं फिरलो होतो. तिथे न उघडताच ‘नवा घ्या’ म्हणाले. तुम्ही काही न विचारता स्क्रू काढायला घेतलेत.

तो अ‍ॅम्प बाबांसाठी घेतला होता. बाबा बेस्टमधून निवृत्त झाले, आयुष्यभर दुसऱ्यांच्या गर्दीत गाडी चालवली. आता स्वतःच्या गाडीत नाट्यगीतं नीट ऐकावीत, एवढीच इच्छा. खोक्यावर १८०० वॅट लिहिलं होतं. दोन महिन्यांत धूर निघाला आणि बाबा म्हणाले, ‘जाऊ दे रे, मला काय, रेडिओ पुरे.’ ते फार लागलं होतं.

तुम्ही आधी फ्यूज दाखवलात, एकच, २५ अँपिअरचा. ‘गाडी चालू असताना १४ व्होल्ट धर. गुणाकार कर.’ ३५० वॅट. त्यातला तिसरा हिस्सा तरी उष्णता होऊन जाणार, उरतात सव्वादोनशेच्या आसपास. फ्यूज क्षणभराचा जास्त भार सोसतो, म्हणून हा हिशेब अंदाजाचाच, हेही तुम्ही सांगितलंत. पण तो १८०० पर्यंत कुठून पोहोचणार? १४.४ व्होल्ट, ४ ओहम आणि आवाजात १ टक्क्यापर्यंत विकृती धरून मोजलेले वॅट छापलेत का ते बघ, हे तुमचं वाक्य मी वहीत लिहून ठेवलंय.

मग शेल्फवरचा एक जुना, जड अ‍ॅम्प काढून माझ्या अ‍ॅम्पशेजारी उघडा ठेवलात. ते दृश्य अजून डोळ्यांसमोर आहे. जुन्यातली तांब्याची गोल कॉइल मुठीएवढी, जाड तारांचे पदर एकमेकांना चिकटून नीट बसवलेले. माझ्यातली लिंबाएवढी, तारांमधून आतला गाभा दिसत होता. बॅटरीचे १२ व्होल्ट इथेच वाढवले जातात, इथे काटकसर केली की पुढचं सगळं उपाशी, असं तुम्ही म्हणालात. जुन्यातले ट्रान्झिस्टर एका जाड पट्टीने हीटसिंकवर, म्हणजे उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या भागावर, सारख्या दाबाने आवळलेले होते. माझ्यातल्या जळलेल्या मॉस्फेटमागे (हाही एक ट्रान्झिस्टरच) तुम्ही व्हिजिटिंग कार्डाचा कोपरा सरकवलात आणि तो आरपार गेला. ग्रीसचा पत्ता नाही. उष्णता बाहेर जाणार कुठून? बॅटरीच्या बाजूचे कंडेन्सर १६ व्होल्टचे, म्हणजे १४.४ च्या अगदी काठावर, आणि त्यावर सोसण्याचं तापमान ८५ अंश छापलेलं. जुन्यातले २५ व्होल्टचे, १०५ अंशांचे, शिवाय खाली गोंदाने चिकटवलेले. आपल्या रस्त्यांवरच्या खड्ड्यांनी आधी न चिकटवलेल्या कंडेन्सरचे पाय तुटतात, ही गोष्ट मला सुचलीच नसती.

मला सगळ्यात मोलाचं वाटलं ते वेगळंच. दोन्ही बोर्डांवर व्होल्ट वाढवण्याचं काम सांभाळणारी चिप तीच होती, टीएल४९४. एका नावावर भुलू नकोस, आणि डी क्लासचा (वेगाने चालू-बंद होत काम करणारा) अ‍ॅम्प आतून रिकामा दिसला, हीटसिंक लहान असला तरी नाव ठेवू नकोस, त्यात उष्णताच कमी होते, असं तुम्ही बजावलंत. माझ्या अर्धवट ज्ञानाला वेळीच लगाम घातलात. तो जुना अ‍ॅम्प तुम्ही मला सहज विकू शकला असतात. ‘हा गिऱ्हाइकाचा आहे’ म्हणून परत शेल्फवर ठेवलात, आणि पाऊण तासाचे पैसेही घेतले नाहीत.

नंतर कुर्ल्याला सीएसटी रोडवर वापरलेले अ‍ॅम्प बघत दोन रविवार घालवले. दोन दुकानदारांनी झाकण उघडू दिलं नाही, तिथून निघालो. एकात कंडेन्सरचं डोकं फुगलेलं दिसलं, तोही सोडला. शेवटी मिळाला तो चार चॅनेलचा, दोन फ्यूजवाला. पट्टी आवळलेली आहे, कार्ड कुठेच सरकलं नाही. पॉवरची तार शुद्ध तांब्याची टाकली आणि अर्थिंगसाठी खालचा रंग खरवडून पत्रा उघडा केला, तुम्ही सांगितल्याप्रमाणेच.

परवा बाबांनी गाडी बिल्डिंगखाली लावली आणि वीस मिनिटं वर आलेच नाहीत. आईने खिडकीतून हाक मारली, तेव्हा त्यांनी हाताने ‘थांब’ अशी खूण केली. ऑर्गनचा खालचा सूर पहिल्यांदा नीट ऐकला, म्हणाले.

काका, मनापासून आभार. येत्या शनिवारी बाबांना घेऊन येतो. त्यांना तुम्हाला भेटायचंय.

आपला,
गिरगावातला तुमचा एक विद्यार्थी