बिलाची खिडकी

सांगली,
रविवार, रात्री

प्रिय संतोष,

सप्रेम नमस्कार. ‘पायथॉन शिकून करतोस काय?’ असं विचारलं होतंस ना, तर ऐक.

मामाचं दूध संकलन केंद्र तू पाहिलंयस. दोन्ही वेळचं लिटर, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक) सगळं वहीत. दर दहा दिवसांनी बिलं काढायला मामी मध्यरात्रीपर्यंत बसते. तिच्यासाठी पायथॉन भाषेत प्रोग्रॅम करायला घेतला.

खिडक्या-बटणं बनवायचं टीकिंटर हे साधन पायथॉनबरोबरच येतं, म्हणून आधी तेच. पण मोठा तक्ता हवा होता, मग क्यूटी या तशाच दुसऱ्या साधनाकडे वळलो. क्यूटी मुळात सी प्लस प्लस या दुसऱ्या भाषेचं, नॉर्वेतल्या ट्रोलटेकने केलेलं. पायथॉनमधून ते वापरायला दोन बाइंडिंग, म्हणजे दोन भाषा जोडणारे दुवे, आहेत: १९९८ पासूनचं पायक्यूटी आणि २००९ साली नोकियाने आणलेलं पायसाइड. मी पायसाइड घेतलं.

आणि तिथेच अडलो. बटण दाबलं की बिलाची खिडकी यायची आणि डोळ्याचं पातं लवेपर्यंत नाहीशी व्हायची. एरर काहीच नाही! दोन रात्री गेल्या. मग उलगडलं: खिडकी मी फंक्शनच्या (कोडच्या एका तुकड्याच्या) आतल्या तात्पुरत्या व्हेरिएबलमध्ये ठेवली होती. फंक्शन संपलं, व्हेरिएबल गेलं, पायथॉनने वस्तू आवरली आणि तिच्याबरोबर खालची सी प्लस प्लसची खिडकीही गेली. ‘बिल’च्या आधी ‘सेल्फ’ लावलं, म्हणजे ती मुख्य खिडकीच्या वस्तूतच साठवली, आणि खिडकी टिकली. संतोष, त्या क्षणी बाइंडिंग म्हणजे काय ते मला खरं कळलं. वस्तू एकच, पण तिचा सांभाळ दोन भाषा करतात.

दुसरी अडचण, हिशेब चालू असताना सगळं थिजायचं. क्यूटीचा इव्हेंट लूप कीबोर्ड-माउसकडे लक्ष ठेवून सतत फिरत असतो. मी सगळ्या गवळ्यांचा हिशेब त्याच फेरीत घुसवला होता, मग खिडकी रंगवायला सवड कुठून मिळणार? आता हिशेब वेगळ्या थ्रेडमध्ये, म्हणजे बाजूला समांतर चालणाऱ्या कामात, होतो, झाला की सिग्नल येतो आणि तक्ता मुख्य थ्रेडच भरतो. त्या वेगळ्या थ्रेडमधून खिडकीला हात लावायचा नाही, हे तूही लक्षात ठेव.

काल मामीने त्यावर पहिल्यांदा बिलं काढली. नावं मराठीत, जोडाक्षरंसुद्धा नीट. तिने एकच मागितलं: एंटर दाबल्यावर पुढच्या रकान्यात जाऊ दे. टॅबने जातं, पण तिचा हात एंटरवर बसलाय. आता तेच करतोय.

दिवाळीला येशील तेव्हा लॅपटॉप आण. तुझ्या लिनक्सवर चालवून बघायचंय.

तुझा,
अविनाश