मॅगझिन बदलताना

सांगली

प्रिय सुहास,
सप्रेम नमस्कार.

नाशिकच्या पोलीस अकादमीत पिस्तुलाचा नेम बसू लागला, पण मॅगझिन, म्हणजे गोळ्यांची पेटी, बदलताना हात गडबडतात, असं तू लिहिलंयस. नेमाचा सराव सगळेच करतात रे, याचा फार थोडे. मला तर हेच जास्त मोलाचं वाटतं. रिकामं पिस्तूल हातात असतं तेवढा वेळ माणूस उघडा पडलेला असतो.

शेवटचा राऊंड, म्हणजे गोळी, सुटला की स्लाइड, पिस्तुलाचा वरचा सरकता भाग, मागेच अडकते. तो वेगळा झटका हाताला ओळखता आला पाहिजे. लगेच बोट ट्रिगरवरून काढून फ्रेमवर सरळ ठेव. पिस्तूल कमरेशी नेऊ नकोस. कोपर बरगडीजवळ घे, पिस्तूल छातीच्या वर धर, नळी टार्गेटकडेच. म्हणजे समोरचंही दिसतं आणि मॅगझिन घालायची जागाही. अंगठा मॅगझिन सोडणारा कॅच दाबतोय तोवर डावा हात पाऊचवर पोचलेला हवा. नवं मॅगझिन उचलताना तर्जनी त्याच्या पुढच्या कडेवर, टोक वरच्या गोळीला टेकलेलं. सगळी मेख इथेच आहे. अंधारात कुलपाचं भोक बोटाने चाचपून किल्ली घालतो ना, तसंच. मग तळव्याने ठासून बसव. अर्धवट बसलं तर स्लाइड पुढे जाते, पण राऊंड चेंबरमध्ये, नळीच्या मागच्या टोकाला गोळी बसते त्या जागी, जात नाही.

स्लाइड अंगठ्याने लिव्हर दाबून सोडणारे थोडे झटपट असतात, हे खरं. तरी मी तुला अख्ख्या पंजाने वरून धरून मागे ओढायलाच सांगेन. घामाने, पावसाने बोटं बुळबुळीत झाली की ती बारीक लिव्हर सापडत नाही. ओढलीस की सोडून दे, हाताने पुढे नेऊ नकोस; स्प्रिंगला तिचा पूर्ण जोर लावू दे.

आडोसा असेल, उसंत असेल, तर मॅगझिन संपायची वाट बघू नये. अर्धं उरलेलं काढून खिशात, भरलेलं आत. त्या वेळी चेंबरमध्ये एक राऊंड असतोच. ग्लॉक मॅगझिनशिवायही तो राऊंड उडवतं. ब्राउनिंग हाय-पॉवरच्या मूळ रचनेत, त्या 13 राऊंडवाल्या 9 एमएममध्ये, मॅगझिन बाहेर असताना ट्रिगर काम करत नाही.

म्हणूनच पिस्तूल रिकामं करताना आधी मॅगझिन काढायचं, मग स्लाइड ओढून चेंबर बघायचं, डोळ्यांनी आणि बोटानेही. क्रम उलटा झाला तर स्लाइड नवा राऊंड आत ढकलते आणि मॅगझिन हातात घेतलेल्या माणसाला वाटतं, झालं रिकामं. मिरजेच्या विसर्जनाचा बंदोबस्त रात्रभर करून दमलेली पोरं हत्यार जमा करायला येतात, तेव्हा मला सगळ्यात जास्त धास्ती याचीच असते.

सराव डमी राऊंडवर कर, उस्तादांच्या देखरेखीखाली. खरी काडतुसं त्या खोलीतसुद्धा नकोत. घाई करू नकोस; हालचाल नीट बसली की वेग आपोआप येतो.

तुम्हाला कोणतं पिस्तूल दिलंय ते कळव, म्हणजे कॅच आणि लिव्हरबद्दल नेमकं लिहितो. काका-काकूंना नमस्कार सांग.

तुझा,
अनिल